शिरसमाळचा ज्वालामुखी

"मॅडम, ज्वालामुखीला विटाळ कळतो का?"

मी पेपरांतून मान वर केली. स्टाफरूमच्या दारात साठीकडे झुकलेला एक माणूस उभा होता. फेटा सोडून हातात गोळा करून धरलेला, दाढीचे खुंट वाढलेले, डोळे लाल. त्यानं नमस्कार केला नव्हता की नाव सांगितलं नव्हतं. भूगोल शिकवणाऱ्या बाईकडे लोक नाना शंका घेऊन यायचे. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर तर आमच्या भागात जमिनीनं नुसता हुंकार दिला तरी माणसं अंथरुणं अंगणात काढायची, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी कॉलेजात येऊन विचारायचं, मॅडम, पुन्हा होणार का? पण असला प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

"कोण आपण?"

"मुंजाजी खटिंग. माझी लेक तुमच्या वर्गात व्हती. शिवकांता."

नाव ऐकलं, चेहरा ओळखला आणि माझं डोकं तापलं. चार वर्षांपूर्वी याच दारात उभं राहून या माणसानं मला सांगितलं होतं, स्थळ चांगलं आलंय, पोरीला घेऊन चाललो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा तोंडावर आलेली. मी अक्षरशः हात जोडले होते. निदान पेपर तरी देऊ द्या म्हटलं होतं. 'पेपर लिहून काय कलेक्टर हुणार हाय का?' असं म्हणून तो तिला घेऊन गेला. दर वर्षी माझ्या वर्गातून अशा दोन-चार मुली उठून जायच्या. हजेरीपटावर नाव राहायचं आणि बाक रिकामा दिसायचा. त्या रिकाम्या बाकांचा सगळा राग मी तेव्हा या एका माणसावर काढला होता, आणि तो राग माझ्या आत अजून तसाच होता.

"काय झालं शिवकांताला?" मी तुसडेपणानंच विचारलं.

"मेली."

मी त्याला बसायला सांगितलं. शिपायाकडून पाणी मागवलं. त्यानं तांब्या हातात घेतला आणि न पिताच मांडीवर ठेवून बोलत राहिला.

शिवकांताला शिरसमाळला दिलेलं होतं. गावाबाहेरच्या माळावर विजेचा लोखंडी खांब आहे. त्या खांबाच्या बुडाशी एके दिवशी जमिनीतून धूर यायला लागला. दुपारपर्यंत माती लाल झाली, आणि मग गुळाच्या काहिलीसारखा रटरटत तांबडा रस वर आला. गाव लोटलं. कुणी म्हणालं ज्वालामुखी, कुणी म्हणालं देवी. संध्याकाळी टीव्हीवाले येऊन गेले. रात्रभर तो रस खदखदत होता. सकाळी बायका कळशा घेऊन, नारळ घेऊन निघाल्या, आणि तिथं त्यांना शिवकांता पडलेली दिसली. ती गेल्यावर मग कुणीतरी सबस्टेशनला धावलं, वीज बंद झाली. आग विझली.

"आता तिच्या सासरचे म्हणायलेत, ती अडचणीत असताना गेली, देवीला विटाळ झाला, देवीनं घेतली. विजेचा साहेब म्हणायलाय, ज्वालामुखी जागा झाला, निसर्गाचं काम हाय, आमचा दोष न्हाई. उद्या नायब तहसीलदार यायलेत. पंचनाम्यावर सह्या झाल्या की संपलं. आन परवा घटस्थापना. तिथं देवीचं ठाणं बसवायलेत."

"मग मी काय करू म्हणता?"

"खरं काय ते सांगा. ज्वालामुखी असंल तर तसं सांगा, मी गप घरला जातो. पण माझी लेक पाप करून मेली, हे मी कसं ऐकून घिऊ?"

मी खूप बोलले त्याला. आज आठवलं की वाटतं, लेक मेलेल्या बापाला इतकं बोलायला नको होतं. पण तेव्हा थांबवलं नाही मी स्वतःला. म्हटलं, त्या दिवशी तिला इथून ओढून नेली नसती तर ती आज पदवीधर झाली असती, कुठंतरी शिकवत असती, या टेबलाशी माझ्या शेजारी बसलेली असती. तेव्हा मॅडमचं ऐकायची गरज नव्हती, आणि आता तिला पुरल्यावर मॅडम आठवली?

"जाळली," तो म्हणाला. "पुरली न्हाई." आणि तांब्या खाली ठेवून उठला. "बोला मॅडम. मला बोलायलाच पायजे. पण उद्या तिथं येऊन बोला."

*

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी शिरसमाळच्या फाट्यावर उतरले. मुंजाजी घ्यायला आला होता. आम्ही माळाकडे चालू लागलो.

खरं सांगायचं तर तोवर माझीही पुरती खात्री नव्हती. पुस्तकात वाचलेलं एक, आणि पायाखालची जमीन दुसरं. भूकंपानं आमच्या भागातल्या शिकल्यासवरल्यांचीही एक खोड मोडली होती. इथं असं होऊच शकत नाही, हे वाक्य आम्ही कुणी तोंडातून काढत नव्हतो.

पण ती जागा बघितली आणि सगळं लख्ख झालं.

खांबाभोवती शेणानं सारवून रांगोळी घातली होती. मध्ये परातीएवढा खड्डा. खड्ड्यात काळी-हिरवी काच थिजलेली, बुडबुड्यांनी भरलेली, लोहाराच्या भट्टीतल्या गाळासारखी. तिच्यावर हळदी-कुंकवाचा थर, फुटलेले नारळ, हिरव्या बांगड्या. आणि खांबाला, त्या लोखंडी विजेच्या खांबाला, कुणीतरी नवं कोरं हिरवं लुगडं नेसवलं होतं. निऱ्यांसकट.

मी चप्पल काढून वाकले. खड्ड्यापासून हातभर अंतरावर हराळी हिरवीगार होती. मुंग्यांचं वारूळ शाबूत होतं. मी उकरून पाहिलं, तर वीतभर खाली गार, ओलसर माती. पृथ्वीच्या पोटातून आग वर येते ती असं परातीएवढं तोंड शोधून, नेमकी विजेच्या खांबाच्या बुडाशी, हराळीला धक्का न लावता येते होय? मी वर पाहिलं. मोठ्या लाईनची एक तार ज्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर बसवलेली असते, तो इन्सुलेटर दुभंगलेला होता. तार थेट लोखंडावर टेकलेली. त्या तारेतून वीज खांबात उतरत होती, खांबातून मातीत. एक दिवस आणि एक रात्र. माती वितळणार नाही तर काय होईल?

खांबाला आधार देणारी जी तिरकी तार जमिनीत गाडलेली असते, तिला ताण म्हणतात. मुंजाजीनं त्या ताणाकडे बोट दाखवलं.

"हितं पडली व्हती," तो म्हणाला. आणि तोंड फिरवून उभा राहिला.

*

दहाच्या सुमाराला मंडळी जमली. बाभळीखाली सतरंजी, दोन खुर्च्या, एक टेबल. एका खुर्चीवर नायब तहसीलदार बसले. तरुण होते, चेहऱ्यावर कंटाळा होता आणि सारखे घड्याळाकडे पाहत होते. दुसऱ्या खुर्चीवर वीज कंपनीचे अभियंता देवणे. पांढरा स्वच्छ शर्ट, खिशात दोन पेनं, हातात मोबाईल. सरपंच उद्धवराव इकडून तिकडे लगबग करत होते. देवीच्या ठाण्याला तालुक्याहून मंडपवाला येणार होता, त्याची त्यांना घाई. सतरंजीच्या कडेला शिवकांताची सासू केवळाबाई बसली होती, डोक्यावरून पदर नाकापर्यंत ओढलेला. तिचा मुलगा तिच्यामागे गुडघ्यात मान घालून. सभोवार सगळं गाव.

देवणे सांगत होते आणि कारकून लिहून घेत होता. "सदर ठिकाणी भूगर्भातील ज्वालामुखी जागृत होऊन लाव्हारस वर आला. त्या उष्णतेनं परिसरात धोका निर्माण झाला. खांब, तारा वगैरे यंत्रणेत कोणताही दोष आढळला नाही. मयत महिला धोक्याची जाणीव असूनही—"

"थांबा," मी म्हणाले.

सगळ्यांच्या माना वळल्या. मुंजाजीनं पुढं होऊन सांगितलं की या घोणसीकर मॅडम, कॉलेजात भूगोल शिकवतात, शिवकांताच्या बाई. देवणेंनी मला नमस्कार केला. हसले पण.

"बरं झालं आलात. मॅडम, तुम्हीच सांगा यांना. हा सगळा दख्खनचा भाग ज्वालामुखीनंच झालाय ना? शाळेच्या पुस्तकात आहे."

"आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी झालाय."

"तेच म्हणतोय मी. इतके दिवस निद्रिस्त होता. त्या दिवशी जागृत झाला. आता पुन्हा निद्रिस्त झाला."

आतापर्यंत मी आवाज खाली ठेवून होते. पण 'निद्रिस्त' हा माझा शब्द. वीस वर्षं मी तो फळ्यावर लिहीत आले, मुलींकडून घोकून घेत आले. तो या माणसानं इतक्या सहज उचलला आणि माझ्या मेलेल्या विद्यार्थिनीच्या अंगावर पांघरूण म्हणून टाकला.

"देवणे साहेब, पुस्तक पुढं वाचलं असतंत तर बरं झालं असतं," मी म्हणाले आणि गावाकडे तोंड केलं. "ऐका सगळे. ज्वालामुखी तीन तऱ्हेचे असतात. जागा, झोपलेला आणि मेलेला. जागा तो, जो आजही अधूनमधून ओकतो. आपल्या देशात अंदमानकडे एका बेटावर आहे. झोपलेला तो, जो शेकडो वर्षं गप्प असतो, पण पोटात आग असते. तो उठायचा असला की गुपचूप उठत नाही. आधी कितीतरी दिवस जमीन हादरते, झरे तापतात, डोंगर फुगतो, माणसांना गाव सोडायला वेळ मिळतो. आणि मेलेला तो, ज्याच्या पोटातली आगच संपली. आपल्या पायाखालचा हा काळा खडक त्या तिसऱ्याचा आहे. इथं तर डोंगराला तोंडही नव्हतं, जमिनीला भेगा पडून रस वाहिला आणि थिजला. माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधी तो मेला. मेलेलं उठत नाही."

"देवीला काय अवघड हाय?" मागून एक म्हातारी म्हणाली.

"देवीचं मला माहीत नाही, आजी. पण साहेब देवी म्हणत नाहीत, ज्वालामुखी म्हणतात. मी त्यांना विचारते. साहेब, सबस्टेशनात खटका पाडला की झोपी जाणारा ज्वालामुखी तुम्ही कुठल्या पुस्तकात वाचलात?"

मागच्या पोरांमध्ये हशा पिकला. देवणेंचं हसू गेलं.

"योगायोग आहे तो."

"ठीक आहे, योगायोग. मग लाईन चालू करा. आत्ता."

"असं कसं करता येईल?"

"का नाही? खांबात दोष नाही, तारेत दोष नाही, तुम्हीच आत्ता लिहायला सांगितलंत. उद्या या बायका इथं ओट्या भरायला येणार. खांबाला लुगडं नेसवलंय, त्याला हात लावून पाया पडणार. रोषणाई होणार. तेव्हा लाईन चालू असेलच ना? मग आताच करा. आणि तुम्ही या ताणाला हात लावून उभे राहा."

मी चालत गेले आणि ती तिरकी तार मुठीत धरली. तिला गंज लागला होता. संतापानं मी ती आणखी आवळली.

"या. मी एकटी नाही, दोघं उभे राहू. लावा फोन सबस्टेशनला."

देवणेंनी मोबाईल वर केला, त्याकडे पाहिलं. त्यांचा अंगठा बटणावर होता. मग त्यांनी मोबाईल शर्टाच्या खिशात टाकला. तो पेनांना अडकला, तो पुन्हा काढून नीट ठेवला.

"दुरुस्ती झाल्याशिवाय लाईन चालू करता येणार नाही," ते म्हणाले.

"कशाची दुरुस्ती?"

हा प्रश्न मी विचारला नव्हता. नायब तहसीलदारांनी विचारला होता. पहिल्यांदाच ते खुर्चीत सरळ बसले होते, आणि त्यांनी कारकुनाच्या लिहित्या हातावर हात ठेवला होता.

देवणे काही सांगणार तोच उद्धवराव मध्ये पडले. त्यांचा सगळा बेत डोळ्यांदेखत मोडत होता. "बाई, तुम्ही कोण लागून गेलात हितं येऊन देवीची परीक्षा घेणाऱ्या? देवीचं ठाणं हाय हे! बाहेरची बाई येती, ताणाला धरती, साहेबाला दम देती! आमच्या गावचं आमी बघून घिऊ. हात सोडा!"

"हात सोडा! बाहेर काढा तिला!" आणखी चारजण ओरडले. माणसं उठली. सतरंजी गोळा झाली, टेबल कलंडलं. कुणीतरी माझा दंड धरून हिसका दिला आणि मी एका गुडघ्यावर आपटले, पण ताण सोडला नाही, त्याच्याच आधारानं पुन्हा उभी राहिले. मुंजाजी मध्ये आला. म्हातारा माणूस, पण दोन्ही हात पसरून असा उभा राहिला की पुढचे जरा थबकले. "आधी मला मारा," तो म्हणाला. "माझी लेक मारलीत, आता मला मारा आन मग ह्या बाईला."

"तुझ्या लेकीला कुणी मारलं रं?" उद्धवराव गरजले. "विटाळशी आली आन देवीनं घेतली! तिची सासू सांगती, आमी न्हाई सांगत! इचार तिला!"

तेव्हा केवळाबाई उठली.

*

तिनं पदर मागं टाकला. मी तिचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. काटकुळी बाई, गालफडं बसलेली, कपाळाच्या कडेला जखमेची खपली.

"मला इचारा," ती म्हणाली. "इचारा की. आतापतूर साहेबानं सांगितलं, सरपंचानं सांगितलं. मला कुणी इचारलं?"

"आई, बस खाली," तिचा मुलगा म्हणाला.

"तू गप ऱ्हा. तू गप ऱ्हातोस म्हून हे झालं." तिनं गर्दीकडे पाहिलं. आवाज चढलेला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू जात होता. "तिला विटाळ-बिटाळ काई नव्हता. म्या खोटं सांगितलं."

उद्धवराव काही बोलायला गेले. तिनं हात वर केला आणि ते थांबले.

"धूर निघाला त्याच दिशी ती म्हणली, आत्याबाई, ह्यो करंट हाय. हितला ज्वालामुखी मेलेला हाय, आमच्या मॅडमनी शिकवलंय. समद्यांना सांगत हिंडली. बाया हसल्या. ह्यो बी हसला," तिनं मुलाकडे मान केली. "मग तिनं सबस्टेशनला फोन लावला. एकदा न्हाई, चारदा लावला. बघतो म्हणले. कुणी आलं न्हाई. का साहेब, फोन आलता का न्हाई?"

देवणे जमिनीकडे पाहत होते.

"सकाळी मी कळशी घिऊन निघाले. देवीला पाणी घालावं म्हणलं. ती मागून पळत आली. पाणी टाकू नका, आत्याबाई, पाय ठिवू नका तिथं. म्या ऐकलं न्हाई. म्या म्हणलं, चार बुकं शिकलीस तर देव शिकवतीस व्हय मला? आन पाऊल टाकलं." ती थांबली. कपाळाच्या खपलीवर तिनं बोट ठेवलं. "तिनं मला कमरंला धरलं आन मागं फेकलं. म्या दगडावर आपटले. कळशी तिकडं गेली. ती जोरानं पुढं गेली, तोल गेला तिचा. त्या तारंला टेकली."

वारा नव्हता. तरी खांबाचं लुगडं थोडं हललं असं मला वाटलं. कदाचित मीच अजून ताण धरून उभी होते म्हणून असेल.

"दुपारी ह्यो साहेब घरी आला. म्हणला, म्हातारे, तू पाणी टाकायला गेली व्हतीस म्हणशील तर सुनंचा खून तुझ्यावर यील. पोलीस तुला नेतील. देवीचं म्हण, सुटशील. सरपंच बसलाच व्हता शेजारी. तो म्हणला, विटाळाचं म्हण, लोक पुढं इचारत न्हाईत." तिनं श्वास घेतला. "खरंच कुणी इचारलं न्हाई. एका माणसानंबी न्हाई. माझी सून माझ्यापायी मेली, आन म्या तिला विटाळशी केली."

ती खांबाकडे गेली. उद्धवराव "अगं, अगं" करत होते, पण तिला अडवायची छाती कुणाची झाली नाही. तिनं लुगड्याच्या निऱ्या दोन्ही हातांनी ओढल्या. गाठ सुटेना, तेव्हा दातांनी ओढली. लुगडं सुटून खाली पडलं आणि तो गंजका खांब उघडा झाला, वर फुटलेल्या इन्सुलेटरसकट. सगळं गाव वर बघत होतं. मला वाटतं, त्या सकाळी पहिल्यांदाच गावानं वर बघितलं.

"ह्यो खांब हाय," केवळाबाई म्हणाली. "देवी न्हाई. खांब."

मग तिनं जवळच पडलेलं टोपलं उचललं. मंडपासाठी मुरमाचा ढीग टाकून ठेवला होता. त्यातला मुरूम हातांनी टोपल्यात भरून तिनं खड्ड्यात ओतला. पुन्हा भरला. पुन्हा ओतला. नारळ, बांगड्या, हळद-कुंकू, सगळं मुरमाखाली गेलं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मुंजाजी तिच्या शेजारी जाऊन बसला आणि ओंजळीनं मुरूम भरायला लागला. दोघं भरायची, तो ओतायचा.

नायब तहसीलदारांनी कारकुनाकडून लिहिलेले कागद घेतले आणि चार तुकडे केले. "नवीन कागद घे," ते म्हणाले. "आणि देवणे, तुम्ही बसून राहा."

*

पुढचं सांगून टाकते. मृत्यू विजेच्या धक्क्यानं झाला असं पंचनाम्यात आलं. लाईन वारंवार बंद पडते, शेतकरी ओरडतात, म्हणून बिघाड झाला की ती आपोआप बंद व्हायची सोयच सबस्टेशनात काढून टाकलेली होती, हे चौकशीत निघालं. खांब बदलला. देवणेंची बदली झाली. चौकशीतून त्यांचं नंतर काय झालं ते मी विचारत राहिले तरी मला कुणी सांगितलं नाही. उद्धवरावांनी संस्थेच्या अध्यक्षांकडे माझी तक्रार केली, की बाईंनी गावाच्या श्रद्धेचा अपमान केला. प्राचार्यांनी बोलावून समज दिली. मी त्यांच्यासमोरही ओरडले, आणि पुढची तीन वर्षं दुसऱ्या तालुक्यातल्या शाखेत काढली. या सगळ्याला आज अठरा वर्षं झाली. माझा राग गेला असेल असं लोकांना वाटतं. तो गेलेला नाही. जाऊही नये असं मला वाटतं.

त्या दिवशी दुपारी मी फाट्यावर येऊन उभी राहिले. गुडघा सुजला होता. मुंजाजी पंचनाम्याच्या सहीसाठी मागं राहिला होता. थोड्या वेळानं पाहिलं तर माळाकडून केवळाबाई येत होती. हातापायाला मुरमाची तांबडी धूळ. ती माझ्याजवळ आली आणि जरा अंतर राखून उभी राहिली. मला तिच्यावरही राग होता, आणि तो कुठं ठेवावा हे कळत नव्हतं.

"मॅडम," ती म्हणाली, "आमची सून शाळंत हुशार व्हती का?"

हो म्हणणं सोपं होतं. पण त्या दिवशी इतकं खोटं ऐकलं होतं की चांगलं खोटंसुद्धा तोंडातून निघेना.

"नाही," मी म्हणाले. "काठावर पास व्हायची. पण गप्प बसायची नाही. एखादी गोष्ट कळली नाही तर तास पुढं नेऊ द्यायची नाही मला. सगळा वर्ग वैतागायचा. मी पण."

केवळाबाईनं मान हलवली. पुष्कळ वेळ हलवत राहिली.

"घरातबी तसंच," ती म्हणाली. "सारखं इचारायची. हे असं कामून, ते तसं कामून. चार वर्सं म्या तिला म्हणायले, गप बस, पोरी. गप बस."

आणि ती तिथंच रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसली. सकाळपासून जिच्या डोळ्यांत मी टिपूस पाहिलं नव्हतं, ती बाई तोंडात पदराचा बोळा कोंबून रडायला लागली, आवाज बाहेर येऊ नये म्हणून. मी तिच्यापुढं वाकले आणि तो बोळा तिच्या तोंडातून काढला.

गाडी आली. थांबली. कंडक्टरनं दार उघडून माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं.

"येताय का बाई?"

मी नाही म्हणून मान हलवली आणि तिच्या शेजारी धुळीत बसले.